रोजंदारीवरचा मिडफिल्डर

संपादक मंडळातल्या आमच्या सीनियरला मी आधीच सांगितलं होतं, की बाबा रे, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. लातूरला दहावीपर्यंत सिस्टर लोकांच्या धाकात काढली, मराठी म्हणजे दिवसातला एक तास. "तरी दे," तो म्हणाला. "फुटबॉलवर दे. तुला दुसरं काय येतंय?" तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी त्याची, फुटबॉलची माझी.

आपल्या होस्टेलवर फुटबॉल म्हणजे दोनच माणसं. एक अर्जेंटिनाचा, एक पोर्तुगालचा. त्यांच्यावरून मेसमध्ये ताटं आपटेपर्यंत भांडणं झालेली मी बघितली आहेत. या लेखात ते दोघंही नाहीत. ज्याचं नाव आपल्या ग्राउंडवर कुणाच्याच टी-शर्टच्या पाठीवर सापडणार नाही, अशा एका माणसावर मी लिहितोय. त्याच्यावरच का, याचं कारण आमच्याच विंगमध्ये, माझ्यापासून तीन खोल्या सोडून राहतं. ते पुढे येईलच.

२०१५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मामाकडे पुण्याला गेलो होतो. वय नऊ. मामा मला बालेवाडीला आय-लीगची मॅच दाखवायला घेऊन गेला, भारत एफसी नावाच्या संघाची. मॅच मला धड आठवत नाही. कोण जिंकलं तेही नाही. आठवतं ते गवत. एवढं हिरवं, एवढं सपाट, आणि मे महिन्यात! लातूरच्या पोराने ग्राउंड म्हणून जे पाहिलेलं असतं ते म्हणजे काळी माती, तिच्यावर टाकलेला मुरूम, आणि उन्हाळ्यात पडणाऱ्या एवढाल्या भेगा, की बूट नाही तर निदान बॉलपेन तरी आत जाईल. पुढच्याच वर्षी, म्हणजे एप्रिल २०१६ मध्ये, आमच्या गावाला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं. टँकरपुढे घागरींची रांग लागलेल्या गावात गवताला पाणी द्या असं कोण म्हणणार? असो. बालेवाडीच्या त्या हिरव्या गवतावर दोन इंग्रज खेळत होते एवढं मात्र मामाने सांगितल्यामुळे लक्षात राहिलं. एक बॉबी हॅसल, बचाव फळीतला. दुसरा क्रिस टेलर, मिडफिल्डर.

हा क्रिस टेलर कोण, हे मी बारावीनंतर शोधलं. सापडलं ते असं. जन्म १९८४ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डचा. पोरवयात तो मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात होता. हे वाचून आपल्याला वाटतं, झालं की मग! पण तिथल्या युवा संघातून पहिल्या संघापर्यंत पोचणारी पोरं मोजकी असतात, बाकीच्यांना खालची वाट धरावी लागते. टेलर वॉल्सल नावाच्या क्लबला गेला. २००६-०७ मध्ये वॉल्सलने लीग टू जिंकली आणि ते वर चढले. पुढच्या हंगामात टेलर हेरफर्ड युनायटेडमध्ये, आणि तेही त्याच वर्षी लीग टूमधून वर चढले! म्हणजे सलग दोन वर्षं, दोन वेगळ्या गावांचे संघ वर नेण्यात हा माणूस होता. २००९ मध्ये तो पोर्ट व्हेलला गेला. आणि असं करत करत, तिशी ओलांडता ओलांडता, पुण्याला. देशाकडून एकही सामना नाही, टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये नाव नाही. पण दहा-बारा वर्षं चूल फुटबॉलवरच पेटली.

अशा खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. आता आम्ही कॉन्व्हेंटवाले! मी सरळ समजून चाललो होतो की जर्नी म्हणजे प्रवास, तर जर्नीमन म्हणजे गावोगाव हिंडणारा. चूक. हा शब्द फ्रेंचमधल्या 'दिवस' या शब्दावरून आलाय. जुन्या युरोपात सुतार, गवंडी, लोहार यांच्या संघटना असायच्या. पोरगा आधी उस्तादाच्या घरी राहून काम शिकायचा. शिकून झालं की तो दिवसाच्या मजुरीवर काम करणारा पूर्ण कारागीर व्हायचा, स्वतःचं दुकान मात्र नसायचं. तो जर्नीमन. म्हणजे मराठीत सांगायचं तर भटक्या नव्हे, रोजंदारीवरचा कारागीर. हिंडणं हा त्याचा छंद नसतो. काम जिथे निघेल तिथे जावं लागतं, एवढंच. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना कुणी 'प्रवासी' म्हणत नाही, तसंच हे.

आता मिडफिल्डरच का? तर जर्नीमन कुठल्याही जागेवर खेळणारा असू शकतो. लुट्झ फानेनश्टील नावाचा एक जर्मन गोलकीपर तर फिफाच्या सहाच्या सहा खंड-संघटनांमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळून आला. पण मिडफिल्डरची अडचण जरा वेगळी आहे. स्ट्रायकरच्या बायोडेटावर गोल असतात. गोलकीपर म्हणतो, माझ्या इतक्या मॅचमध्ये गोल झाला नाही. मधल्या फळीतल्या साध्या कामकऱ्याने काय दाखवायचं? त्याचं काम म्हणजे समोरच्याचा पास येण्याआधी तिथे जाऊन उभं राहणं. बॉल मिळाला की दोन टचमध्ये बरोबर माणसाला देणं. आपला बॅक पुढे पळाला की त्याची मोकळी जागा झाकणं. हे सगळं नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि 'काहीच घडलं नाही' याचा आकडा निघत नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, फ्लायव्हील आठवा. स्वतः शक्ती तयार करत नाही, पण नसेल तर इंजिन प्रत्येक स्ट्रोकला हिसके देतं. त्याच्यावर वायवात प्रश्न येतो तेवढाच, कौतुक कधी होत नाही.

आणि पळणं किती? मिडफिल्डर एका मॅचमध्ये साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. इंग्लंडच्या लीग टूमध्ये एका संघाच्या हंगामात ४६ मॅच. गुणाकार करा. पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे नांदेडहून निघून पुण्याच्याही पुढे. पायी नव्हे, पळत. प्रॅक्टिस वेगळीच.

इंग्लंडची रचना थोडी सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२ क्लब. त्याच्याखाली नॅशनल लीग, आणि मग खाली खाली जिल्ह्या-तालुक्यापर्यंत मजले. दरवर्षी खालचे वर, वरचे खाली. तालुक्याएवढ्या गावाचाही क्लब असतो, त्याचं स्वतःचं छोटं स्टेडियम असतं, आणि शनिवारी दुपारी दोन-चार हजार माणसं पैसे देऊन बघायला येतात. अशा क्लबना संघ पुरा करायला माणसं लागतात. हिरो नको असतात, रविवारी पाय सुजला तरी मंगळवारी प्रॅक्टिसला येणारी माणसं हवी असतात.

करार बहुतेक एक किंवा दोन वर्षांचा. मे महिन्यात हंगाम संपला की क्लब यादी लावतो, कोण राहिलं, कोण सुटलं. आपली रिझल्टची यादी बोर्डावर लागते ना, अगदी तशी. सुटलेला खेळाडू मोकळा, त्याला दुसरा क्लब फुकट घेऊ शकतो. करार संपल्यावरही जुन्या क्लबला पैसे मोजल्याशिवाय खेळाडू सुटायचा नाही, अशी पद्धत युरोपात पूर्वी होती. ती मोडली १९९५ च्या बोस्मन निकालाने. बोस्मन हा बेल्जियमचा एक साधा मिडफिल्डरच होता. त्याच्या खटल्याने वरच्या खेळाडूंना कोट्यधीश केलं. खालच्यांना मिळालं ते मोकळेपण, आणि त्याबरोबर दर मे महिन्यातली धाकधूक.

मग सुटलेल्याला पुढचं काम कसं मिळतं? बरंचसं ओळखीने. खालच्या लीगमध्ये खेळाडू तोलायला संगणकावरचा डेटा तुटपुंजा. प्रशिक्षकाचा भरवसा असतो तो आधी हाताखालून गेलेल्या पोरांवर. पुण्याच्या त्या भारत एफसीचे प्रशिक्षक होते स्टुअर्ट वॉटकिस. त्यांनी पूर्वी मॅन्सफिल्ड टाउन सांभाळलं होतं, आणि बॉबी हॅसल त्या काळी मॅन्सफिल्डचाच खेळाडू. मुकादम गाव बदलतो तेव्हा आपली विश्वासाची माणसं सोबत नेतो. यात मला काही वाईट दिसत नाही.

इथपर्यंत माझी समजूत अशी होती की जर्नीमन क्लब बदलत राहतो. टेलरचे क्लब एकेक करून वाचायला लागलो तेव्हा उलटंच दिसलं. हा माणूस जिथे जिथे उभा राहिला त्या जागाच हलत होत्या.

हेरफर्ड युनायटेडची गोष्ट बघा. ५ फेब्रुवारी १९७२ ला या बिगर-लीग क्लबने एफए कपमध्ये न्यूकॅसल युनायटेडला २-१ ने हरवलं. रॉनी रॅडफर्डने चिखलातून तीस यार्डांवरून मारलेला गोल अजूनही इंग्लंडमध्ये दाखवतात. (तो व्हिडिओ जरूर बघा, आपलं ऑगस्टमधलं ग्राउंड वाटेल.) असा इतिहास असलेला क्लब. डिसेंबर २०१४ मध्ये कर्ज फेडता आलं नाही म्हणून कोर्टाने तो बंद केला. गावातल्या चाहत्यांनी नवा क्लब काढला, नाव हेरफर्ड एफसी, आणि २०१५ पासून पुन्हा तळापासून सुरुवात केली. पोर्ट व्हेल? मार्च २०१२ मध्ये तेही कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेलं आणि शिक्षा म्हणून दहा गुण कापले गेले. पुढे सावरलं. आणि भारत एफसी? २०१४ च्या शेवटी काढला, २०१५ मध्ये एकच हंगाम आय-लीग खेळला, तळाला राहिला. नवीन म्हणून त्याला खाली ढकलायचं नाही असं आधीच ठरलेलं, त्यामुळे खाली गेला तो त्याच्या वरचा, पाच वेळा देशाचा विजेता झालेला गोव्याचा धेंपो! आणि एवढं करून भारत एफसी पुढच्या हंगामाला उतरलाच नाही. मी नऊ वर्षांचा असताना जो संघ बघितला त्याचं आयुष्य धड एक वर्षाचं होतं.

धेंपोवरून रोहन रिकेट्स आठवला. लंडनचा मिडफिल्डर, आर्सेनलच्या पोरांमध्ये वाढला, टॉटनहॅमकडून प्रीमियर लीग खेळला. मग टोरँटो, हंगेरी, मोल्डोव्हा, जर्मनी, आयर्लंड, आणि २०१२ मध्ये गोव्यात धेंपो. त्यानंतर इक्वेडोर. त्याच्यावर लिहायचं तर दुसरा लेख लागेल. इथे एवढंच, की वरून घसरलेला आणि मुळातच खालच्या मजल्यावर राहिलेला, दोघंही शेवटी आपल्या शेजारी येऊन पोचले.

पण आता आपलं बघू, कारण खरं दुखणं तिथे आहे.

महाराष्ट्रातल्या मिडफिल्डरला रोजंदारी करायची म्हटलं तर कुठे? मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये संघ बंद. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये देशात दुसरा आला. २०१५ नंतर वरिष्ठ संघ बंद. भारत एफसीचं सांगितलंच. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळला, २०१७ मध्ये बाहेर. मुंबई एफसी, तोही २०१७ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये होता, २०१९ मध्ये मालकांनी हात वर केले आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२१-२२ मध्ये आयएसएल जिंकलं, पुढे पैशाची ओढाताण झाली आणि २०२५ मध्ये तोही दिल्लीला गेला, नाव बदलून. म्हणजे पुणे, हैदराबाद, दिल्ली. इथे तर क्लबच जर्नीमन!

का बंद पडतात? मला समजलं ते असं. तिकिटाचा पैसा जवळजवळ नाही. टीव्हीचा पैसा खालपर्यंत उतरत नाही. ग्राउंड स्वतःचं नाही, भाड्याचं. मग सगळा खर्च मालक कंपनीच्या खिशातून, आणि कंपनीच्या हिशेबात फुटबॉल हा जाहिरातीचा खर्च. मंदी आली की सगळ्यात आधी काय कापतात हे मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये आपण सगळ्यांनी लिहिलंय. मालकांना शिव्या देणं सोपं आहे. पण दहा वर्षं तोटा सहन करणारा माणूस मीही झालो नसतो, हे कबूल करतो.

पूर्वी दुसरी सोय होती. मुंबईत मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, रेल्वे यांचे संघ असायचे. मिडफिल्डर सकाळी प्रॅक्टिस करायचा आणि दुपारी ऑफिसात सही करायचा. पाय थकले की खेळ सुटायचा, नोकरी राहायची. फुटबॉल 'व्यावसायिक' झाला तेव्हा करार आला आणि ती नोकरी गेली. हा बदल चांगला की वाईट यावर मी कुंपणावर आहे. वरच्या तीस-चाळीस खेळाडूंना नक्की चांगला. बाकीच्यांचं काय, ते या लेखाचा विषय आहेत.

आणि मराठवाड्यात? आपल्या भागाला फुटबॉलचा काही संबंध नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. १९५६ पर्यंत नांदेड काय, लातूर काय, आपण हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होतो, आणि त्या काळी भारतातला सगळ्यात भारी फुटबॉल कुठे खेळला जात होता? हैदराबादेत! हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, ज्यांच्यावर २०२४ मध्ये 'मैदान' सिनेमा आला, तेच. आणि तो संघ काय होता? पोलीस खात्यातली माणसं. म्हणजे पुन्हा तेच, नोकरी आणि खेळ एकत्र. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, रहीम साहेबांच्या भारताने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपांत्य फेरी गाठली. आपण नेमके महिनाभर आधी राज्य बदलून बसलो होतो! अर्थात आपल्या तालुक्यांत त्या काळी कितीसा फुटबॉल पोचला असेल हा प्रश्न आहेच. पण नांदेडला गुरुद्वाऱ्यामुळे दरवर्षी हॉकीची अखिल भारतीय स्पर्धा भरते आणि गावाला हॉकी कळते. कुणीतरी एक गोष्ट वर्षानुवर्षं धरून ठेवली की ती मातीत मुरते, एवढं त्यावरून दिसतं.

ज्यांनी धरून ठेवली ते कोल्हापूरकर. तिथे फुटबॉल कंपनीचा नाही, पेठेचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. मूळच्या कुस्तीच्या तालमी, त्यातून फुटबॉलचे संघ निघाले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे. शाहू स्टेडियमवर स्थानिक मॅचला जी गर्दी होते ती बघून आयएसएलचा मालक रडेल. काही संघ परदेशी खेळाडू, विशेषतः नायजेरियन, हंगामापुरते आणतात. तिथला मिडफिल्डर दिवसा दुकानात किंवा कारखान्यात असतो, संध्याकाळी पेठेचा आठ नंबर. श्रीमंत होत नाही, पण रस्त्याने जाताना लोक ओळखतात. तिथूनच अनिकेत जाधव निघाला, रिक्षाचालकाचा मुलगा, जो २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये खेळला आणि पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे संघ फिरला. निखिल कदमही तिथलाच, मोहन बागान आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळलेला. माझा मुद्दा या दोघांचा नाही. हे दोघं दिसतात, कारण त्यांच्या मागे पेठेत शंभर साधे खेळाडू उभे आहेत.

लातूरला आमच्याकडे तो साधा खेळाडू होण्याची सोयच नाही. 'लातूर पॅटर्न' तुम्हाला माहीतच आहे. आठवीपर्यंत ग्राउंड, नववीपासून ट्यूशन. मला अकरावीत फिजिक्सचे क्लास सकाळी सहाला आणि केमिस्ट्रीचे संध्याकाळी सहाला होते. मध्ये कॉलेज. बॉल कपाटावर.

तरी २०२२ मध्ये बारावीच्या वर्षी घरी खोटं बोलून पुण्याला ट्रायलला गेलो. क्लबचं नाव नको. दोनशे पोरं असतील. पोझिशन विचारली, मी म्हणालो सेंट्रल मिड. माझ्या मागेपुढे निम्मी पोरं सेंट्रल मिडच होती. पहिल्या दिवशी टिकलो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोचनी बोलावलं. माणूस चांगला होता, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरा खेळतोस तू. पण बरे खूप आहेत." रात्रीच्या गाडीने परत. गंमत म्हणजे मला तेव्हा वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला लागलं इथे आल्यावर. कारण इंजिनिअरिंगलाही मी बराच आहे! ५८-६० टक्के, एखादा बॅकलॉग, तोही निघतो. आणि तरी मला माहीत आहे की कुठेतरी, चाकणला म्हणा, वाळूजला म्हणा, एखाद्या शॉपफ्लोअरवर मला जागा आहे. बऱ्या इंजिनिअरला देशात जागा आहे. बऱ्या फुटबॉलपटूला नाही. क्रिस टेलर बरा होता, आणि त्याच्या देशात त्यासाठी चार मजले बांधून ठेवलेले होते. ते गळके आहेत, मधूनच कोसळतात, पण आहेत.

आपल्याकडेही कागदावर मजले आहेत. आयएसएल, खाली आय-लीग, २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला वर जायची वाट, त्याखाली आय-लीग टू, आणि २०२३ पासून आय-लीग थ्री. आणि त्याखाली राज्यांच्या लीग. धेंपोसारखा क्लब तळातून चढत २०२४-२५ मध्ये परत आय-लीगला पोचला, म्हणजे जिना अगदीच खोटा नाही. पण २०२५ मध्ये वरचे करारच लांबले आणि आयएसएलचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. वरच्या मजल्यावर दिवे गेले तर तळमजल्यावर कोण विचारतो?

आता ते विंगमधलं कारण. आमच्याकडे फर्स्ट इयरला एक पोरगा आहे, अहमदपूरकडचा. घरी कोरडवाहू जमीन. ग्राउंडवर त्याच्या पायाला बॉल चिकटतो असं नाही, पण तो कायम बरोबर जागी असतो. इंटर-ब्रांच मॅचमध्ये आम्ही त्याला दोन जण लावले तरी तो मोकळाच दिसायचा. मी स्वतः मिडफिल्डर आहे म्हणून खात्रीने सांगतो, तो माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि 'बरा'च्या एक पायरी वर आहे. विद्यापीठाच्या संघातून बाहेर खेळायला गेला तेव्हा कुणीतरी त्याला बघितलं. मुंबईतल्या एका क्लबने निरोप दिलाय, लीगच्या हंगामाला ये. राहणं, जेवण आणि महिन्याला थोडे पैसे. सात-आठ महिने. म्हणजे इकडे वर्ष जाणार.

तो मला विचारायला आला. "दादा, काय करू?" मी त्याला माहिती तेवढी सांगितली. लेखी करार माग, तोंडी नको. नोंदणी फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टीममध्ये तुझ्या नावाने झाली का ते स्वतः बघ. करार किती तारखेपर्यंत आहे आणि सोडताना एनओसी कोण देणार ते विचार. दुखापत झाली तर डॉक्टरचा खर्च कुणाचा, हे सगळ्यात आधी विचार, कारण गुडघा तुझा आहे. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण डोक्यात असेल तर त्याला मान्यताप्राप्त राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. क्लबच्या लीग मॅच खेळून ती आपोआप मिळत नाहीत, तेव्हा जिल्ह्याचा आणि राज्याचा संघ सोडू नकोस. इथे वर्ष राखून ठेवता येतं का, ते ऑफिसात विचारू, मी येतो सोबत.

"ते सगळं विचारतो," तो म्हणाला. "पण जाऊ का नको?"

मी त्याला क्रिस टेलरची गोष्ट सांगितली, जवळजवळ या लेखात आहे तेवढी. त्याने नीट ऐकून घेतली. मग म्हणाला, "त्याला शेवटी पुण्याला यायला लागलं ना दादा. मला तर नुसतं मुंबईला जायचंय."

काल ऑफिसातून फॉर्म आणलाय. पालकांची सही लागते. शनिवारी तो एसटीने गावी जाणार आहे, लोहा मार्गे. वडिलांशी बोलताना मला फोन लावून देतो म्हणालाय, 'इंग्लिश शाळेतला दादा' सांगतोय म्हटलं तर ऐकतील म्हणून. काय बोलायचं ते मी अजून जुळवतोय. रात्रीचे अकरा वाजलेत, खाली तो मेसच्या भिंतीवर बॉल मारत बसलाय, डावा पाय, उजवा पाय, आणि रेक्टर सर वरून ओरडायलेत.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी